इनामदार सरांचा सुरूर

अरबी भाषेत आनंदाला जितके शब्द आहेत तितके जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेत नाहीत, कारण आनंदाची खरी किंमत वाळवंटातल्या माणसालाच कळते. हे वाक्य आमच्या प्राचार्यांचं. अमरावतीच्या कॉलेजात भाषा सप्ताहाच्या उद्घाटनाला ते माइकवर बोलले आणि सभागृह काही क्षण भारावून गेलं. मंचावर माझ्या शेजारच्या खुर्चीत अरबी-फारसीचे इनामदार सर बसले होते. मांडीवर शाल, शालीवर नारळ, नारळावर हात. ते समोर बघत हळूच म्हणाले, "गावंडे, आनंदाले पाच-सहा असतील. बाकी सारे उंटाले हायेत."

चेहरा तसाच. कुणी फोटो काढला असता तर सर प्राचार्यांचं भाषण तल्लीन होऊन ऐकताहेत असंच वाटलं असतं.

इनामदार सर अकोल्याचे, मीही अकोल्याचा. मी मराठी शिकवायचो. आम्ही दोघं अकोल्याहून अमरावतीला रोज अप-डाऊन करायचो. सकाळी गाडीनं बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून ऑटोनं शहरात. अप-डाऊन करणाऱ्यांची एक वेगळी जात असते. डब्यात पत्ते, राजकारण, कुणाच्या डब्यात काय भाजी आणि वेतन आयोग, हे चार वेद. इनामदार सर खिडकीशी बसून सगळं ऐकत. ऐन रंगात आलेल्या विनोदावर सगळा डबा हसला तरी त्यांचा चेहरा हलत नसे. आमच्यातला तायडे नावाचा बँकवाला त्यांना हटकून म्हणायचा, "हसा ना बाप्पा सर थोडं. हसाले तिकीट लागत नाई."

"हसलो ना."

"कधी?"

"मूर्तिजापूरले."

मूर्तिजापूर मागे पडून बराच वेळ झालेला असे.

गंभीर आणि दुःखी यांत आपण फरक करत नाही, म्हणून नवीन माणसं त्यांच्याशी बोलताना आवाज खाली आणत. सर दुःखी नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, जे आत आहे ते बाहेर दाखवण्याचा लोकांनी उगाच धंदा केला आहे. आणि या म्हणण्याला त्यांच्याकडे शब्दकोशाचा आधार होता.

तो आधार मला कळला माझ्या साडूमुळे. साडू चांदूर बाजारचा. त्यानं अमरावतीत बायपासजवळ परमिट रूम काढायची ठरवली आणि नाव ठरवलं 'सुरूर'. कुणीतरी त्याला सांगितलं की हा मुसलमानांचा धार्मिक शब्द आहे, उद्या दगड येतील. साडू शूर असला तरी काचा नव्या होत्या. तो मला घेऊन स्टाफरूममध्ये सरांकडे आला.

"सर, नाव ठेवू का नको?"

"शब्द चांगला हाय," सर म्हणाले. "पण नशा म्हंजे सुरूर, हे आपल्या इकडचं. गाण्यायनं बिघडवलं. मूळचा अर्थ आनंद."

"मंग तर बेस झालं."

"आयका ना पूर्ण. फरह म्हंजे बी आनंद, पण तो दिसते. माणूस उडते, नाचते, पेढे वाटते. सुरूर दिसत नाई. सिर्र म्हंजे गुपित, त्याच धातूतला हा. छातीत लपवलेला आनंद. त्याच धातूतून बेंबीचा शब्द निंगते, पलंगाचा निंगते, अन् कपाळावरच्या रेघायचा बी निंगते."

साडूनं माझ्याकडे पाहिलं. बेंबी आणि पलंग या दोन शब्दांनी त्याला धंद्याच्या दृष्टीनं धीर आला होता.

"कपाळावरच्या रेघा कशाले?" मी विचारलं.

"आत झाला आनंद, तर बाहेर कुठंतरी निसटंलच ना थोडासा. जुने लोक म्हणत, तो कपाळाच्या रेघायत निसटते. दात दाखवाची गरज नाई."

"मंग ठेवू नाव?" साडू म्हणाला.

"तुमच्याकडं बसणारा माणूस गपचूप बसते का आरडाओरडा करते?"

"आरडाओरडाच करते, सर."

"मंग फरह ठेवा."

साडूनं शेवटी आपल्या सासूच्या नावानं परमिट रूम काढली. ती माझीही सासू असल्यामुळे त्यावर मी जास्त लिहीत नाही.

नावं आणि अर्थ विचारायला सरांकडे पुष्कळ माणसं येत. बाळाचं नाव, बेकरीचं नाव, कूलर दुरुस्तीच्या दुकानाचं नाव. सर अर्थ सांगत, पण शिफारस करत नसत. स्वतःच्या एकुलत्या एक मुलीचं नाव मात्र त्यांनी त्याच धातूतून काढलं होतं. मसर्रत. घरात तिला गुड्डी म्हणत. सकीनाभाभी म्हणायच्या की, नवऱ्यानं आयुष्यात एकदाच आनंद जाहीर केला, तोही जन्मदाखल्यावर.

सरांचा दुसरा लौकिक जरा भीतीदायक होता. अकोल्यात कुठंही निकाह असला आणि इनामदार सर पहिल्या रांगेत येऊन बसले की, खुत्बा वाचणाऱ्या काझींचा आवाज खाली जाई. खुत्बा म्हणजे निकाहाच्या वेळचं अरबी प्रवचन. आपल्या मंगलाष्टकांसारखंच, ते ऐकणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना कळत नाही, म्हणून वाचणाऱ्याला मोकळीक असते. सर हे ते उरलेले एक. डोळे मिटून बसत आणि घशातला 'ह' साधा निघाला की एक डोळा उघडत. एवढंच. एकदा मात्र त्यांनी मर्यादा ओलांडली. आमच्याच वस्तीजवळच्या काझीसाहेबांनी एक अक्षर खाल्लं, तेव्हा सर भरल्या मांडवात म्हणाले, "फिर से पढ़िए।" काझीसाहेबांनी परत वाचलं. नवऱ्या मुलाला वाटलं आपल्यातच काही खोट निघाली. त्यानंतर काझीसाहेब रस्त्यात सर दिसले की पलीकडच्या फुटपाथवर जात, आणि अकोल्यात पलीकडे फुटपाथ नसला तरी जात.

अशा माणसानं मुलीला शब्द दिला होता की, तुझ्या निकाहाचा खुत्बा मीच वाचीन. दिला तेव्हा ती शाळेत होती. शब्द देताना मुलं लहान असतात, आणि ती विसरत नाहीत.

गुड्डीचं लग्न ठरलं भुसावळला. मुलगा रेल्वेत. तारीख ठरली, हॉल ठरला, आमच्यासारख्यांसाठी शाकाहारी जेवणाचा वेगळा मांडव आणि त्यासाठी हिवरखेडचा आचारीही ठरला. घरात ही धावपळ चालू असताना एका सकाळी गाडीत सरांनी चहा घेतला आणि तो ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ शर्टावर उतरला.

"सर, चहा सांडला."

सरांनी रुमालानं पुसलं, दुसरा घोट घेतला, तोही त्याच वाटेनं आला. मी नीट पाहिलं. त्यांचा डावा डोळा मिटत नव्हता. उजवा मिटायचा, डावा उघडा राहायचा.

"कधीपासून?"

"डोळ्यातून पाणी येऊन राहिलं दोन-तीन दिवसांपासून. म्या म्हटलं धूळ असंल."

"घरी कोणाच्या ध्यानात नाई आलं?"

"नाई."

ते खरंच होतं. सरांचा चेहरा एरवीही हलत नसे. त्यातल्या अर्ध्यानं हलणं बंद केलं, तर लग्नघरात ते कोण बघणार? सकीनाभाभी नंतर माझ्यासमोर कपाळ बडवून घेत म्हणाल्या, "भाईजान, मैं समझी रोज़ के जैसा ही मुँह है।"

बडनेऱ्याहून मी त्यांना कॉलेजात न नेता थेट मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, चटपटीत होते.

"काका, दात दाखवा."

सरांनी दाखवले.

"आता हसून दाखवा."

"काहून?"

"तपासायचं आहे."

सर थोडा वेळ डॉक्टरांकडे बघत राहिले. डॉक्टरही त्यांच्याकडे बघत राहिले.

"हसा ना."

"हसलो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "हे एरवी कसे हसतात?"

"असेच," मी म्हटलं.

डॉक्टरांची पंचाईत झाली. कुठली बाजू गेली हे ओळखायला चांगली बाजू हलावी लागते. शेवटी ते म्हणाले, "बरं, भुवया वर करा. छताकडे बघा." सरांनी वर पाहिलं आणि कपाळाच्या उजव्या अर्ध्या भागावर तीन-चार रेघा उमटल्या. डावा भाग इस्त्री केल्यासारखा सपाट. डॉक्टर खूश झाले.

"बघा, कपाळाच्या रेघा गेल्या. म्हणजे मेंदूचा झटका नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. रेघा गेल्या हे चांगलं लक्षण."

"आमच्यात उलटं हाय," सर म्हणाले. पण 'आमच्यात'मधला 'म' नीट निघाला नाही. ओठ मिटत नव्हते. मधून हवा सुटत होती.

हे तिथंच आम्हा दोघांच्या लक्षात आलं. सरांनी खुर्चीत बसल्या बसल्या, आवाज न करता, खुत्ब्याची सुरुवात म्हणून पाहिली. त्या पहिल्याच शब्दात ओठ मिटावे लागतात. मग त्यांनी विचारलं, "किती दिवसात ठीक होईल?"

"बहुतेकांचं होतं. काहींचं सहा महिने घेतं. या वयात थोडं राहूही शकतं."

"महिनाभरात लग्न हाय पोरीचं."

"जा ना मग लग्नाला. फोटोत उजवीकडून उभे राहा."

त्या बिचाऱ्याला वाटलं हा फोटोचा प्रश्न आहे.

गोळ्या सुरू झाल्या, डोळ्यात थेंब, झोपताना पापणीवर चिकटपट्टी. आणि आरशासमोर व्यायाम: गाल फुगवणे, शीळ घालणे, हसणे. ज्या माणसानं साठ वर्षं हे तिन्ही प्रकार टाळले, त्याच्यासाठी ही सक्तमजुरीच होती. मी एकदा घरी गेलो तेव्हा सर ओसरीत दाढीच्या आरशासमोर उभे होते. गाल फुगवत होते आणि हवा डाव्या कोपऱ्यातून फुस्स करून जात होती. अकोटहून आलेला त्यांचा मेहुणा पिशवीत जिवंत कबूतर घेऊन बसला होता. लकव्यावर कबुतराचं गरम रक्त चोळतात, हा आमच्याकडचा जुना उपाय.

"दूल्हेभाई, आज़मा के तो देखो।"

"इसको छोड़ दे।"

"अकोट से लाया हूँ, बस में। कंडक्टर ने टिकट माँगा इसका।"

"तो टिकट सँभाल के रख, और इसको छोड़ दे।"

मेहुण्यानं कबूतर सोडलं. ते समोरच्या तारेवर जाऊन बसलं आणि सरांचा व्यायाम बघू लागलं.

मी सरांना म्हटलं, "काझीसाहेबांना वाचू द्या. एवढं काय त्यात."

"तो 'ह' साधा काढते."

"पोरीला काय कळणार?"

"पोरीले अरबी म्या शिकवली हाय, गावंडे."

आत स्वयंपाकघराच्या दारात गुड्डी उभी होती. ती म्हणाली, "अब्बू, मत पढ़ो ना। लोग हँसेंगे।" सर आरशात बघत म्हणाले, "हँसने दे। डॉक्टर ने बोला है, हँसना अच्छा है।" ती हसली नाही. आत निघून गेली.

तिला लोकांच्या हसण्याची भीती नव्हती, हे मला वाटतं सरांनाही कळलं होतं. ज्या माणसानं गावातल्या प्रत्येक काझीचं अक्षर पकडलं, तो आता भरल्या हॉलमध्ये, माइकवर, गावातल्या प्रत्येक काझीसमोर स्वतः अक्षरं सांडणार होता. आणि नाही वाचलं तर मुलीला दिलेला एकमेव शब्द जाणार होता. तिला दोन्हीपैकी काहीच बघायचं नव्हतं.

लग्नाच्या दिवसापर्यंत चेहरा थोडासा आला, ओठ आला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक युक्ती सांगितली होती. बोटानं ओठाचा डावा कोपरा वर दाबून धरायचा, म्हणजे हवा सुटत नाही. सर तेवढ्यावर उभे राहिले. म्हणजे बसले.

हॉल भरला होता. अकोल्यातला उन्हाळा, कूलर नुसते घोंगावत होते. बायका पडद्यापलीकडच्या हॉलमध्ये. तिकडे स्पीकर लावला होता. साक्षीदार आणि वकील, म्हणजे मुलीची संमती विचारून येणारे, तिकडे जाऊन आले. नोंदवही घेऊन तेच काझीसाहेब बसले होते, फिर-से-पढ़िएवाले. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे. त्यांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला, आणि तो सरांच्या तोंडासमोर धरला.

सरांचा उजवा हात गुडघ्यावर होता. डाव्या हाताचं बोट त्यांनी ओठाच्या कोपऱ्याशी लावलं आणि सुरुवात केली.

मला अरबी येत नाही, त्यामुळे काय बरोबर आणि काय चूक ते मी सांगू शकत नाही. आवाज सपाट होता, एका संथ चालीवर. मधेच ओठातून हवा सुटे, तेव्हा सर थांबत, बोट थोडं सरकवून परत धरत आणि तोच शब्द पुन्हा म्हणत. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मागच्या रांगेत दोन पोरं खिदळली. त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांना काही केलं असावं, कारण नंतर आवाज आला नाही. डोळ्यातून पाणी येत होतं, पण फक्त डाव्या, न मिटणाऱ्या. ते औषधाचं पाणी. फोटोवाला पोरगा पुढे पुढे करत होता. "अंकल, हाथ नीचे... अंकल, हाथ..." काझीसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो गप्प झाला आणि तसेच फोटो काढत राहिला. माइक धरलेला काझीसाहेबांचा हात अवघडला, तरी त्यांनी तो बदलला नाही.

नवऱ्या मुलानं 'कुबूल है' म्हटलं तेव्हा मी सरांच्या कपाळाकडे पाहिलं. पाहायचं ठरवलं होतं. उजव्या अर्ध्या भागात रेघा होत्या. डाव्यात नव्हत्या. या रेघा कशाच्या ते मी सांगत नाही. उकाडा फार होता.

खारका वाटल्या गेल्या, गळाभेटी झाल्या. गर्दीतून काझीसाहेब सरांजवळ आले आणि म्हणाले, "माशाल्लाह, साहब। एक भी ग़लती नहीं।"

"तीन थीं," सर म्हणाले.

"मैंने नहीं सुनीं।"

"सुनीं आपने।"

"शादी का घर है, साहब," काझीसाहेब म्हणाले, आणि सरांना खारीक दिली. सरांनी ती उजव्या दाढेखाली ठेवली.

मुलीची पाठवणी झाली. तिनं बापाच्या छातीवर डोकं ठेवलं, पुष्कळ रडली. सर उभे. हिवरखेडच्या आचाऱ्याची वांग्याची भाजी आणि पुऱ्या उरल्या होत्या, त्या आमच्या मांडवात बसून आम्ही दोघांनी खाल्ल्या. मी विचारलं, "कसं वाटून राहिलं, सर?"

ते बराच वेळ चावत होते. एका बाजूनं चावायला वेळ लागतो.

"खरं सांगू? काहीच नाई वाटून राहिलं. बोट दुखून राहिलं."

"सुरूर?"

"असंल आत. मले नाई दिसला."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. गाडी किती उशिरा आहे हे सांगावं, तसं सांगितलं. मी पुढची पुरी घेतली.

त्यानंतर सर लवकरच निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. अरबी-फारसी विभाग म्हणजे स्टाफरूममधलं एक लोखंडी कपाट होतं, ते भूगोलाला मिळालं. मीही पुढे निवृत्त झालो. अप-डाऊन संपलं की माणसं एकाच गावात राहूनही भेटत नाहीत. सकीनाभाभी गेल्या तेव्हा मी जाऊन आलो. सर ओसरीत बसले होते, येणाऱ्यांना सलाम करत होते, चेहरा तोच. नवीन आलेले लोक यावेळी आवाज खाली आणत होते, ते प्रथमच बरोबर होतं.

शेवटचा मी त्यांना भेटलो तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. सकाळची वेळ होती. दार उघडंच होतं. सर ओसरीत आरशासमोर उभे. गाल फुगवला, सोडला. मग ओठ ताणून दोन्हीकडे सारखे करायचा प्रयत्न केला. उजवा गेला, डावा थोडा गेला आणि परत आला.

"अजून करता का सर? डॉक्टरनं तर सांगितलं ना, आता जितकं आलं तितकं."

"सांगतलं."

"मग?"

"गुड्डी यून राहिली परवा. लेकराले घेऊन." त्यांनी परत ओठ ताणले. "अर्ध्याच बाजूनं हसलं का ते लेकरू घाबरते. अन् ते घाबरलं का गुड्डी रडते."

"मग जसे पहिले होते तसेच राहा ना. हसूच नका."

सर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "तसं पाह्यलं तर लेकरू जवळच येत नाई."

मी खुर्ची ओढून बसलो. आतून चहाचं आधण उकळल्याचा आवाज आला. ते चहा करायला गेले नाहीत, आधी व्यायाम पुरा केला. मग चहा करून आणला. बशीतून, उजव्या बाजूनं, न सांडता ते प्याले. लेकराचं नाव विचारलं तर सांगितलं. अर्थ विचारला तर म्हणाले, "काही नाई. जावयानं मोबाइलवर पाहून ठेवलं." आणि यावर त्यांची काही हरकत दिसली नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. कॉलेजनं श्रद्धांजली सभा घेतली. प्राचार्य आता नवे आहेत. त्यांनी सरांना पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते मोकळेपणी बोलले. आनंद हाच सरांचा धर्म होता, असं म्हणाले. मंचावर मोठा फ्लेक्स होता. त्यावर 'सदा हसतमुख' असं ठळक अक्षरात, आणि खाली सरांचा फोटो. ओठाचा डावा कोपरा छान वर गेलेला, डोळा ओलसर, समोरच्याला बरं वाटावं असा चेहरा. हॉलमधला अर्धाअधिक नवा स्टाफ त्याकडे बघून हळहळत होता. मी ऑफिसच्या क्लार्कला विचारलं, हा फोटो कुठला? तो म्हणाला, मुलीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला. तिनं निकाहातला पाठवला, तिच्याकडे हाच होता.

बोट कॉम्प्युटरवर पुसलेलं होतं.